थॅको गेला, बेरीज आली: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या एका आकड्याची उलटापालट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून पात्रं रंगवण्याच्या खेळात वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. समोरच्याचं चिलखत जितकं भक्कम, तितकं मोठं दान पडायला हवं. १९७४ पासून यात फरक नाही. बदलत गेला तो हिशोब: किती दान हवं हे कोणी काढायचं आणि आकडे कोणत्या दिशेने मोजायचे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत आर्मर क्लास (एसी), म्हणजे चिलखताच्या भक्कमपणाचा आकडा, उलटा चालत असे: जितका कमी तितका भक्कम. अंगावर काही नसेल तर ९, नुसती ढाल ८, चामड्याचं चिलखत ७, साखळीचं ५, पत्र्याचं ३, आणि पत्र्यासोबत ढाल असेल तर २. गंमत म्हणजे त्याआधीच्या १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धखेळात समोरासमोरच्या लढतीसाठी हेच प्रकार १ ते ८ असे सुलटे मोजले होते. एसी उलटा असला तरी तेव्हा कुणाचं अडत नसे, कारण हिशोब करायचाच नव्हता. तक्ता उघडायचा: पहिल्या तीन लेव्हलच्या योद्ध्याला एसी ९ साठी १० आणि एसी २ साठी १७ दान हवं. उलट-सुलट तक्ता बघून घेई.

'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत चिलखताविना एसी १० झाला आणि जादूच्या चिलखतांमुळे तो शून्याखाली, थेट -१० पर्यंत उतरू लागला. तक्ते १९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात होते, त्यामुळे प्रत्येक वाराला खेळ चालवणाऱ्याने पानं उलटायची. यावरचा तोडगा म्हणजे थॅको: एसी शून्य असलेल्याला वार लागायला लागणारं दान. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने तोच मुख्य नियम केला. योद्धा २० पासून सुरू होतो आणि दर लेव्हलला एक उतरतो. थॅकोतून समोरच्याचा एसी वजा केला की हवं ते दान मिळतं. सातव्या लेव्हलच्या योद्ध्याचा थॅको १४, समोर एसी ३, म्हणजे ११ हवेत.

हे सोपं वाटतं, पण समोर एसी -३ आला की १४ वजा उणे ३, म्हणजे १७, आणि इथे भले भले अडखळत. त्यात जादूच्या चिलखताचा +१ एसी एकने कमी करी, तर तलवारीचा +१ दानात मिळवायचा असे. तलवारीचा +१ थॅकोतून आधीच वजा करून ठेवला तरी उत्तर तेच येतं. मात्र कागदावर वजा केलेला +१ टेबलावर पुन्हा दानात मिळवला, तर तो दोनदा धरला जातो. ही चूक फार होई.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने एसी पुन्हा सुलटा केला: १० पासून वर. दानात हल्ल्याचा बोनस मिळवा, बेरीज एसीइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. वरचंच उदाहरण घ्या. थॅको १४ च्या जागी +६ बोनस, एसी ३ च्या जागी १७, म्हणजे ११ च हवेत. शक्यता तसूभरही बदलली नाही, फक्त वजाबाकीची बेरीज झाली. आमच्या मते या खेळातली सर्वांत स्वस्तात झालेली सुधारणा हीच.

पण बेरीज सोपी झाल्यावर बेरजाही वाढल्या. धावून आल्याचे +२, दोन बाजूंनी घेरल्याचे +२, उंचावर असल्याचा +१. एकाच प्रकारचे बोनस सहसा एकत्र धरायचे नाहीत, 'डॉज' म्हणजे वार चुकवण्याचे मात्र धरायचे. शिवाय नुसत्या स्पर्शासाठी आणि बेसावध असताना वेगळा, असे एकूण तीन एसी. वरच्या लेव्हलला आकडे इतके फुगत की गॉब्लिनसारख्या किरकोळ राक्षसाला २० पडल्याशिवाय वार लागतच नसे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने या फुगवट्याला आवर घातला. लेव्हलमुळे मिळणारा बोनस वीस लेव्हलमध्ये फक्त +२ वरून +६ वर जातो. पत्र्याचं चिलखत १८ आणि ढालीचे २ मिळून एसी २०. गॉब्लिनचा बोनस +४, म्हणजे त्याला १६ हवेत. चारातला एक वार लागतो. दहा गॉब्लिन असतील तर विसाव्या लेव्हललाही फेरीला सरासरी अडीच वार अंगावर येतात. बहुतेक किरकोळ बोनसांच्या जागी अ‍ॅडव्हांटेज आला: दोन फासे टाका, मोठं दान घ्या. याच्या उलट, लहान दान घ्यायचं तो डिसअ‍ॅडव्हांटेज. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, २० च हवे असतील तर ५ चे जेमतेम पावणेदहा. अ‍ॅडव्हांटेजची दोन कारणं असली तरी तिसरा फासा नाही, आणि डिसअ‍ॅडव्हांटेजचं एकही कारण असेल तर दोन्ही रद्द, मग कारणं कितीही असोत.

जुनी साहसं आज खेळायला काढताना एक जपावं. 'अ‍ॅडव्हान्स्ड'चा एसी २० मधून वजा करायचा, पण १९७४ च्या पुस्तिकांचा १९ मधून, कारण तिथे चिलखताविना ९ होता. चुकलात तर प्रत्येक वारामागे ५ टक्के फरक. १९७४ च्या नियमांवर बेतलेल्या २००८ च्या 'सोर्ड्स अँड विझर्ड्री' या खेळाने दोन्ही आकडे शेजारी छापून हा घोळच मिटवला. पाचव्या आवृत्तीत आणताना मात्र नुसती वजाबाकी पुरत नाही. जुना -५ असा आणला तर २५ होतो, आणि तिथे २५ हा टॅरास्क या महाभयंकर राक्षसाचा एसी आहे. प्राचीन लाल ड्रॅगनसुद्धा २२ वर थांबतो.