नौली आणि दाबमापक

नौली या योगक्रियेत पोटाचे उभे स्नायू दोरखंडासारखे पुढे येऊन फिरू लागले की बघणारे तोंडात बोट घालतात. स्वामी कुवलयानंदांनी मात्र दाबमापक हाती घेतला. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली. त्याच काळात त्यांनी उड्डियान आणि नौली क्ष-किरणांखाली तपासल्या, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. बस्ती, म्हणजे गुदद्वारातून पाणी आत घेण्याची क्रिया, करताना पाणी आपोआप वर कसं चढतं, हे कोडं त्यातून सुटलं. आतड्यातल्या या पोकळीला त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास यांचं नाव दिलं.

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून कंठद्वार बंद ठेवायचं आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवायच्या. हवेला आत यायला वाटच नसते, त्यामुळे छातीतला दाब उतरतो, श्वासपटल वर ओढलं जातं आणि त्यामागोमाग सैल सोडलेलं पोट आत जातं. पोटाचे स्नायू जोर लावून आत खेचण्याचा जो प्रकार सर्रास दिसतो, ते उड्डियान नव्हेच.

योगाने मनाला मिळणाऱ्या निवांतपणाचा धागाही श्वासातच सापडतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. कारण उच्छ्वासात नाडी मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की हा चढउतार ठळक होतो. रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयही साधारण दहा सेकंदांची असते. दोन्ही लयी जुळतात.

'आसनांनी विषारी द्रव्यं निघून जातात' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आपण पद्मासनात असू किंवा खुर्चीत. शीर्षासनाने मेंदूला भरपूर रक्त मिळतं, हेही तसंच. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून आपला पुरवठा बऱ्यापैकी स्थिर राखतात. डोळ्यांतला दाब मात्र शीर्षासनात जवळपास दुप्पट होतो. काचबिंदू असेल, तर हे आसन करूच नये. घरात कुणाला तो असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत.