गुलाबी बोंडअळी: कपाशीवाचून जिचं भागत नाही

२०१७च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघायची. बियाणं बोगस, अशी ओरड झाली. बोगस बियाणं बाजारात होतंही. पण त्याच बीटी कपाशीत, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीमारक विष आणलेल्या कपाशीत, घाटेअळी मात्र फारशी दिसत नव्हती. एकीवर विष चाललं, दुसरीवर नाही. हा फरक बराचसा दोघींच्या खाण्यातून आला.

घाटेअळी मिळेल ते खाते. तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचं कणीस, सगळं चालतं. या पिकांत बीटीचं विष नाही, त्यामुळे तिथले पतंग विषाला बळी पडणारेच राहतात. कपाशीत एखादी चिवट अळी वाचली, तरी पतंग झाल्यावर तिचं मीलन बहुधा अशाच पतंगाशी होतं आणि पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती विरून जाते.

गुलाबीला ही सोय नाही. १८४३मध्ये कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही गुजरातेतल्या भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. 'गॉसिपिएला' या तिच्या शास्त्रीय नावातच कपाशी (गॉसिपियम) आहे. भेंडी-अंबाडीवर ती कधीमधी सापडते, पण तिचा खरा संसार सरकीत. अंड्यातून निघाली की लगेच कळीत किंवा बोंडात शिरते. फुलात असली तर पाकळ्या शिवून डोमकळी, म्हणजे न उमलणारं फूल, करते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगामाअखेर दिवस लहान होतात, थंडी पडते, सरकी पक्व होऊन तेलकट होते. तेव्हा ती दोन सरक्या जोडून त्यांत सुप्तावस्थेत जाते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या ढिगात, जिनिंगच्या आवारात महिनोन्‌महिने तशीच राहते.

फरदड घेतली की तिला हा उपासही पुरता घडत नाही. पाणी देऊन पीक मार्चपर्यंत उभं ठेवलं, तर बोंडं मिळत राहतात आणि पिढ्या वाढत जातात. शेतकऱ्याला मात्र चार पैसे जास्त मिळतात, हेही खरंच.

बीटीला परवानगी २००२ची, विषाची दोन जनुकं असलेलं वाण २००६चं. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, ते कडेनं लावायचं होतं. त्यावर वाढलेले पतंग गुलाबीसाठी तेच काम करणार होते, जे घाटेअळीसाठी हरभरा-तूर आपसूक करत होते. फारसं कुणी ते लावलं नाही. पुढे त्याऐवजी तूरही चालेल असं ठरलं. घाटेअळीपुरतं ते ठीक होतं, पण गुलाबी तुरीवर वाढतच नाही.