दाराचं कुलूप घेण्याआधी चौकट दाखवा

मुख्य दार भक्कम करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याची सुट्टी लागायच्या सुमारास आमच्याकडे एकच प्रश्न सारखा येतो : सगळ्यात मजबूत कुलूप कोणतं? बरेच ग्राहक तर कुलूप ऑनलाइन मागवून मोकळे झालेले असतात आणि फक्त बसवायला माणूस पाठवा म्हणतात. माणूस पाठवायला आमची ना नाही. पण त्यातल्या कित्येक घरांतून तो कुलूप न बसवताच परत येतो. तुमची रजा वाया जाते, आमचा अर्धा दिवस जातो. असं का होतं ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

कुलूप शाबूत, कोयंडा बाहेर

घरफोडीच्या बातम्यांत 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द हमखास असतात. सात लिव्हरचं नवताल कुलूप फोडायला वेळ लागतो, आवाज होतो. कोयंडा मात्र अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर उभा असतो. त्याच्यामागे कटावणीचं टोक घालून जोर दिला की स्क्रू लाकडाचे तुकडे घेऊन बाहेर येतात आणि कुलूप कोयंड्याला तसंच लटकत राहतं. म्हणून 'याच्याहून मोठं कुलूप द्या' म्हणून कोणी आलं, तर आम्ही ते विकण्याआधी दोन मिनिटं थांबवतो. कोयंडा तोच राहिला तर मोठ्या कुलपाने उलट पिळायला चांगली पकड मिळते. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं की घरात कोणी नाही.

बाहेरचा कडी-कोयंडा ठेवायचाच असेल, आणि जुन्या घरांत तो ठेवावाच लागतो, तर स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकून घ्या. गोल डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली लोखंडी पट्टी. खर्च किरकोळ आहे, फरक मोठा.

जोर कुठे जातो

आता आतून बसणारं कुलूप घेऊ. दाराला लाथ बसली किंवा फटीत पहार घातली, की सगळा भार कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या भोकात जाते त्या भोकाच्या कडेवर येतो. तिथे लाकूड उरलेलं असतं जेमतेम अर्धा इंच. त्यावर पत्र्याची एक छोटी पट्टी, तीही खोक्यात आलेल्या दोन बारीक स्क्रूंवर. कुलूप दोन हजारांचं असो की वीस हजारांचं, ही कड फुटली की दार उघडलं.

पेठांतल्या जुन्या वाड्यांचा अडसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळते. जाड लाकडी दांडा भिंतीतल्या पोकळीतून बाहेर ओढायचा आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत सारायचा. धक्का दाराला बसायचा, पण पेलायची भिंत. फ्लॅटच्या दाराचा भारही असाच भिंतीपर्यंत नेऊन पोहोचवणं, हेच आमचं खरं काम. कुलूप बसवणं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग.

त्यासाठी आम्ही चौकटीत आठ ते दहा इंच लांबीची, तीन मिलिमीटर जाडीची पट्टी खाचून बसवतो. तिला दोन ते अडीच इंचांचे स्क्रू लागतात. जिभेचं भोक पूर्ण खोल करतो, कारण वरवर कोरलेल्या भोकात जीभ निम्मीच शिरते. किल्ली शेवटपर्यंत फिरत नाही आणि घरच्यांना वाटतं कुलूपच खराब आहे.

मग चौकट भिंतीला किती धरून आहे ते पाहतो. लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंना होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) असायला हवेत आणि ते भिंतीत काँक्रीटने पक्के केलेले हवेत. काही इमारतींत ते कमी असतात, काही ठिकाणी चौकट नुसत्या फोमवर उभी असते. तुम्हाला घरीच पाहता येईल : दार बंद करून कुलपाच्या उंचीवर चौकटीवर मुठीने ठोका. पोकळ आवाज आला, किंवा चौकट आणि प्लास्टर यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सलग चीर दिसली, तर कुलपाच्या आधी चौकटीचा विचार करा. अशा वेळी आम्ही चौकटीतून आरपार भिंतीत लांब फास्टनर टाकतो. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर हे सरळ काम आहे. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग त्यात धरत नाही. तिथे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात चिकटणारं रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) लागतो आणि तो सुकेपर्यंत थांबावं लागतं.

'शेजाऱ्यांचं कुलूप तासाभरात बसलं, तुम्हाला अर्धा दिवस कशाला?' हे आम्हाला वरचेवर ऐकावं लागतं. वेळ याच कामाला लागतो. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून तो पिळून बसवला, तरच लाकडात आटे धरतात. हातोडीने ठोकलेला स्क्रू दिसायला तसाच दिसतो, पण त्याने आजूबाजूचं लाकूड फाडलेलं असतं आणि तो खिळ्यापेक्षा फारसं जास्त धरत नाही. आमचा माणूस स्क्रू ठोकताना दिसला तर तिथेच काम थांबवा आणि दुकानात फोन करा.

पावसाळ्यातला रंधा

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी दार फुगतं, चौकटीला घासतं. सुतार येतो, कडेला रंधा मारतो, दार छान फिरू लागतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच दार आक्रसतं आणि चौकटीशी दोन-दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट पडते. पाऊण इंच बाहेर येणाऱ्या जिभेतली पाव इंच फटीतच गेली, म्हणजे चौकटीत उरली अर्धाच इंच. वर कटावणी घालायला जागा आयती मिळाली. म्हणून भर पावसात दार अडकत असेल तर आधी बिजागऱ्या तपासा. पुष्कळदा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरलेलं असतं आणि दोष पावसाला मिळतो. दार खरोखरच फुगलं असेल तर अगदी थोडं तासा आणि तासलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग द्या. उघड्या कडेतून पाणी पुन्हा शिरतं. फट आधीच मोठी झालेली असेल तर दाराच्या कडेला लाकडी पट्टी जोडून ती भरून काढता येते. नवीन दाराची गरज नसते.

आधी माप, मग खरेदी

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. कुलपाच्या जाहिरातीत दिसतं ते कुलूप, तुमचं दार तिथे दिसत नाही. बहुतेक फ्लॅटना 30 किंवा 35 मिलिमीटर जाडीचं फ्लश डोअर (दोन्ही बाजू सपाट असलेलं दार) असतं. आतल्या पोटात बसणाऱ्या मॉर्टिस कुलपासाठी दाराच्या कडेतून खाच पाडावी लागते. 30 मिलिमीटरच्या दारात 18 मिलिमीटरची खाच पाडली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर लाकूड उरतं. म्हणजे भक्कम करायला निघालो आणि दार नेमकं कुलपापाशीच पातळ केलं. अशा दाराला आतल्या पृष्ठभागावर बसणारं, खाच न लागणारं कुलूप जास्त शोभतं आणि जास्त टिकतं. बाजारातल्या अनेक डिजिटल कुलपांना तर 35 मिलिमीटरपेक्षा कमी जाडी चालतच नाही.

सिलिंडरचंही, म्हणजे कुलपाच्या ज्या भागात किल्ली फिरते त्याचंही, तेच. 35 मिलिमीटरच्या दाराला दोन्हीकडच्या प्लेटा धरून साधारण 60 मिलिमीटरचा सिलिंडर लागतो. ग्राहक 70 किंवा 80चा घेऊन येतात, कारण मोठा म्हणजे चांगला असं वाटतं. तो प्लेटच्या बाहेर डोकावतो, आणि बाहेर आलेलं तोंड पकडीत धरून मोडता येतं. सिलिंडर प्लेटशी जवळजवळ सपाट असला पाहिजे, फार तर दोन-तीन मिलिमीटर पुढे. किल्ली हरवली किंवा भाडेकरू बदलला तर पूर्ण कुलूप बदलू नका, नुसता सिलिंडर बदलतो.

चौकट ग्रॅनाइटची असेल तर ते आधी सांगा. त्याला वेगळी भोकं, वेगळं हत्यार लागतं आणि एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही. पत्र्याची चौकट असेल तर तिच्या मागे सिमेंटचा माल भरलेला आहे की ती पोकळ आहे, हे पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही.

सेफ्टी डोअर

सेफ्टी डोअर बहुतेक ठिकाणी बाहेर उघडतं, म्हणजे त्याच्या बिजागऱ्या लॉबीत असतात. पिन खालून ठोकली तर वरून निघते आणि दार बिजागरीकडून उचलता येतं. न निघणाऱ्या पिनेच्या बिजागऱ्या लावून घ्या, किंवा आम्ही बिजागरीच्या बाजूला दोन लोखंडी खुंट्या बसवतो. दार मिटलं की त्या चौकटीत शिरतात, मग पिन काढूनही दार हलत नाही. जाळीच्या जवळ नुसती सरकती कडी ठेवू नका. जाळी कापून हात आत येतो.

इथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला किल्लीशिवाय, नुसत्या बोटांनी फिरणारी मूठ हवी. दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप मागणारे ग्राहक येतात. मुख्य दाराला ते लावायला आम्ही नकार देतो, त्यात आमची विक्री गेली तरी चालेल. रात्री आग लागली, धूर झाला, तर किल्ली शोधायला कोणालाही वेळ नसतो. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांच्या हाताला ती मूठ सहज फिरते का, हे आम्ही त्यांनाच फिरवायला लावून पाहतो. सेफ्टी डोअरला जाळीमुळे आतूनही किल्ली ठेवावी लागली, तर ती रोज एकाच ठिकाणी, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या लहानालाही माहीत असेल अशा जागी टांगा.

डिजिटल कुलूप सोयीचं आहे, किल्ल्या वाटाव्या लागत नाहीत. आम्ही ते विकतो आणि बसवतो. पण वर सांगितलेली पट्टी, स्क्रू, चौकट हे सगळं त्यालाही तेवढंच लागतं. बॅटरी कमी झाल्याची सूचना आली की त्याच दिवशी बदला, आणि सोबत आलेली किल्ली घरातच कुलूपबंद ठेवू नका.

आणि एक फुकटचा उपाय. ओढून आपोआप लागणाऱ्या नाइट लॅचवर भरवसा ठेवून खाली दूध आणायला जाऊ नका. तिरकी जीभ पातळ पट्टीने मागे ढकलता येते. बाहेरून किल्ली फिरवली तरच जीभ अडकते.

आमच्याकडे काम देताना

कुलपाचा फोटो नको. दार उघडं ठेवून तीन फोटो पाठवा : दाराची कड कुलपाच्या उंचीवर, समोरची चौकट, आणि सगळ्या बिजागऱ्या. कडेवर मोजपट्टी धरलीत तर जाडी कळते. दार आत उघडतं की बाहेर, आणि बिजागऱ्या डाव्या हाताला की उजव्या, तेही लिहा. एवढ्यावरून आम्ही तीन-चार पर्याय भावासकट सांगतो, त्यात सध्याचं कुलूप ठेवून फक्त चौकट पक्की करण्याचाही पर्याय असतो. पुष्कळांना तेवढंच पुरतं. प्रत्यक्ष पाहणीला माणूस आला तर पाहणीचे पैसे नंतर बिलातून वळते करतो. कुलूप तुम्ही दुसरीकडून घेतलं असलं तरी बसवून देतो, मात्र मापात बसत असेल तरच.

भाड्याचं घर असेल तर मालकांना, आणि लॉबीच्या बाजूला काही वाढवायचं असेल तर सोसायटीला, आधी विचारून ठेवा. काम चालू असताना घरातलं कोणीतरी शेवटपर्यंत थांबावं. दार अर्धा दिवस कुलपाशिवाय असतं, आणि ड्रिलचा भुसा बराच उडतो, तेव्हा चपलांचं कपाट झाकून ठेवा. किल्ल्यांचं पाकीट आम्ही तुमच्यासमोर फोडतो. पावतीवर लिहिलेल्या आकड्याशी किल्ल्या मोजून घ्या, त्यातली प्रत्येक एकदा लावून फिरवा आणि मगच सही करा.