घरातील अडगळ : वस्तू साठत गेल्या त्याची पार्श्वभूमी

घरातील नको असलेल्या वस्तू काढून टाकणे हे आज एक स्वतंत्र काम मानले जाते. त्यावर पुस्तके लिहिली जातात, कार्यशाळा भरतात आणि मोबदला घेऊन दुसऱ्याचे घर आवरून देणारे व्यावसायिकही मिळतात. ज्याला मोह सुटत नाही त्याचे घर भरते, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे या कामाकडे बहुधा स्वभावाचा किंवा शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. इतिहास तपासला तर ही समजूत अपुरी ठरते. मोह पूर्वीही होताच. बदलले ते वस्तू घरात येण्याचे प्रमाण आणि त्या घराबाहेर जाण्याचे मार्ग. प्रमाण वाढत गेले आणि मार्ग मात्र एकेक करून बंद होत गेले.

औद्योगिक उत्पादन सुरू होण्यापूर्वी सामान्य कुटुंबाच्या मालकीच्या वस्तू मोजक्या असत आणि प्रत्येक वस्तूला किंमत असे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची यादी केली जाई, आणि अशा याद्यांमध्ये चादरी, पातेली, विजारी यांची नावे किमतींसह नोंदलेली आढळतात. शेक्सपिअरने 1616 च्या मृत्युपत्रात पत्नीसाठी ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग ठेवला. तो तिचा अपमान होता की आपुलकीची खूण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की पलंग ही मृत्युपत्रात नमूद करण्याजोगी मालमत्ता होती. कपड्यांचेही तेच होते. मोठ्यांचा अंगरखा उसवून लहानांसाठी बेतला जाई, आणि अडीअडचणीला तो गहाणही टाकता येई. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये कामगारांच्या बायका रविवारचे चांगले कपडे सोमवारी गहाण ठेवत आणि आठवड्याचा पगार हाती आला की शनिवारी सोडवून आणत. लंडनमध्ये राहणाऱ्या कार्ल मार्क्सने 1852 मध्ये एंगल्सला कळवले होते की कोट गहाण पडल्यामुळे आपल्याला घराबाहेर पडता येत नाही. जुन्या कोटावर कर्ज मिळत असे अशा काळात तो विनाकारण कपाटात पडून राहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

वस्तू पार झिजली तरी तिला गिऱ्हाईक होते. युरोपात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून बनत असे, त्यामुळे दारोदार फिरून चिंध्या, हाडे आणि मोडके धातू विकत घेणाऱ्यांची मोठी साखळी शहरोशहरी उभी राहिली होती. 1840 च्या दशकात लाकडाच्या लगद्यापासून कागद बनवण्याची पद्धत निघाली, शतकाच्या अखेरीस ती सर्वत्र पसरली आणि चिंधीचा भाव कोसळला. पॅरिसमध्ये 1883 मध्ये प्रशासक यूजीन पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवावेत असा आदेश काढला, तेव्हा शहरातील कचरावेचकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या आदेशात कागद आणि चिंध्यांसाठी एक, काच व फुटक्या भांड्यांसाठी एक आणि उरलेल्या कचऱ्यासाठी एक असे वेगळे डबे सांगितलेले होते, ही गोष्ट वर्गीकरणाला आजची कल्पना समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. तरीही एकंदर परिणाम असा झाला की नको असलेल्या वस्तूचा व्यवहार घरमालक आणि फेरीवाला यांच्यातून सुटून नगरपालिकेच्या गाडीकडे गेला. वस्तू टाकणे सोपे झाले खरे, पण तिचे पुढे काय होते हे घरातल्या माणसाला दिसेनासे झाले.

दरम्यान घरात येणाऱ्या वस्तू वाढत होत्या. याची चाहूल अठराव्या शतकातच लागली होती. जोसाया वेजवुडच्या कारखान्यांमुळे इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांत एकसारख्या भांड्यांचे संच आले, आणि जुनी भांडी शाबूत असतानाही नव्या घडणीची घेण्याची सवय रुजू लागली. फ्रेंच विचारवंत दिदरो याने 1769 मध्ये आपल्या जुन्या घरगुती झग्याच्या वियोगावर एक लेख लिहिला. नवा उंची झगा मिळाल्यावर त्याच्या शेजारी बाकीची खोली कळकट दिसू लागली, मग गवती बैठकीच्या खुर्चीची जागा चामड्याच्या खुर्चीने घेतली, मेज बदलले, भिंतीवरची चित्रे बदलली. ज्या जुन्या झग्याच्या टोकाने तो पुस्तकांवरची धूळ आणि लेखणीवरची शाई पुसत असे, तो त्याला मनापासून आठवत राहिला. एका खरेदीतून दुसरी निघते हे निरीक्षण इतके नेमके होते की 1988 मध्ये मानवशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी या प्रवृत्तीला दिदरोचेच नाव दिले. पुढे 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाने यंत्रावर बनलेल्या वस्तूंचे दर्शन लाखो लोकांना घडवले. 1852 पासून अरिस्तीद बूसिको याने पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ हे दुकान वाढवत नेले आणि ठरलेली किंमत, मोकळेपणाने माल पाहण्याची मुभा व न आवडल्यास परत करण्याची सोय यांमुळे खरेदी हाच एक विरंगुळा झाला.

भरलेल्या घराविरुद्धचा सूर याच काळात उमटू लागला. अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 या काळात वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब झोपडीत राहिला. मेजावर ठेवलेले चुनखडीचे तीन तुकडे रोज पुसावे लागतात हे लक्षात येताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. इंग्लिश रचनाकार विल्यम मॉरिसने 1880 मध्ये बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात कसोटी सांगितली ती अशी : जे उपयोगी आहे हे ठाऊक आहे किंवा जे सुंदर आहे असे वाटते, तेवढेच घरात ठेवावे. मॉरिसची स्वतःची कंपनी मात्र सधन घरांना पडदे, गालिचे आणि भिंतीचे कागद विकत होती, ही विसंगती त्याच्या समकालीनांच्याही नजरेतून सुटली नव्हती.

या उपदेशांपेक्षा दोन व्यावहारिक कारणांनी अधिक काम केले असे मला वाटते. पहिले कारण आरोग्याचे होते. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्यानंतर जाड पडदे, झालरी आणि धूळ धरणारी शोभेची मांडणी यांकडे रोगाचे घर म्हणून पाहिले जाऊ लागले. दुसरे कारण श्रमाचे होते. दिवाणखान्यातील शंभर वस्तू रोज पुसणारे हात नोकरांचे होते तोवर त्या वस्तूंचा भार मालकांना जाणवला नाही. पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य मध्यमवर्गाला घरकामाला माणसे मिळेनाशी झाली आणि मग मोकळ्या खोलीचे सौंदर्य अनेकांना एकाएकी पटले. 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी रचलेले फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर याच विचाराचे फळ होते. तिथे प्रत्येक जिन्नसाला ठरावीक खण होता. मात्र भिंतीत बसवलेल्या कपाटांनी पसारा नजरेआड करण्याचीही सोय करून दिली, आणि अडगळ कमी करणे व ती झाकणे यांतील फरक तेव्हापासून पुसट झाला.

विकण्याचा मार्ग आटला तसा देण्याचा मार्ग पुढे आला. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्याने 1902 मध्ये सुखवस्तू घरांतून जुने कपडे व सामान गोळा करून, ते गरजू माणसांकडून दुरुस्त करवून विकण्यास सुरुवात केली. त्यातून ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅम या मदतसंस्थेचे कायमस्वरूपी दुकान सुरू झाले. या व्यवस्थेने मोठे काम केले, यात शंका नाही. पण तिने देणाऱ्याच्या मनात असाही एक विश्वास रुजवला की आपल्याला नको असलेली प्रत्येक वस्तू कोणाला तरी हवीच असते, आणि तो विश्वास वस्तूंची संख्या अनेक पटींनी वाढल्यावरही तसाच राहिला.

ही वाढ दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. 1956 मध्ये माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने 58 कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. पुढच्या काही दशकांत समुद्रमार्गे माल आणण्याचा खर्च इतका घटला की दूरच्या देशात बनलेला सदरा किंवा खेळणे स्थानिक मालापेक्षा स्वस्त पडू लागले. कापडाच्या आयातीवर 1974 च्या कराराने घातलेल्या देशवार मर्यादा 2005 च्या आरंभी संपुष्टात आल्या आणि कपडे आणखी स्वस्त झाले. जेव्हा दुरुस्ती नव्या वस्तूपेक्षा महाग पडते, तेव्हा मोडकी वस्तू ‘कधीतरी दुरुस्त करू’ म्हणून माळ्यावर जाते आणि तिच्या जागी नवी येते. घरे मोठी झाली तरी जागा पुरली नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकात, प्रथम टेक्सासमध्ये, घरगुती सामान ठेवण्यासाठी भाड्याने गाळे देण्याचा धंदा सुरू झाला, तो आता जगभर पसरला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2001 ते 2005 या काळात लॉस एंजेलिस परिसरातील 32 कुटुंबांच्या घरांचे पुरातत्त्वज्ञांच्या पद्धतीने निरीक्षण केले, तेव्हा एका घराच्या केवळ तीन खोल्यांत 2,260 वस्तू उघड दिसत होत्या. कपाटांतल्या आणि खणांतल्या वस्तू त्यात धरलेल्याच नव्हत्या. याच प्रकल्पातील जोडप्यांच्या अभ्यासात, आपल्या घराचे वर्णन पसाऱ्याच्या आणि अर्धवट कामांच्या भाषेत करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचा दिवसभराचा आलेख आरोग्याला कमी अनुकूल असल्याचे आढळले.

इतके असूनही वस्तू हातावेगळी करणे जड का जाते, याचा शोध मानसशास्त्राने उशिरा घेतला. रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये दाखवून दिले की वस्तू आपल्या मालकीची झाली की आपल्या लेखी तिचे मोल वाढते. 1990 मध्ये डॅनियल काहनेमन आणि जॅक नेच यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रयोगांत कॉफीचा मग नुकताच मिळालेले लोक तो विकण्यासाठी, तोच मग घेऊ इच्छिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत मागत होते. वस्तू साठवण्याची विकृती हा मात्र वेगळा विषय आहे. न्यूयॉर्कमधील होमर आणि लँगली कॉलियर हे भाऊ 1947 मध्ये शंभर टनांहून अधिक सामानाने भरलेल्या घरात मृतावस्थेत सापडले, तेव्हापासून लोकांच्या मनात या विकाराचे चित्र ठसले. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र स्थान 2013 मध्ये मिळाले. सामान्य घरातील भरलेल्या कपाटाला हे नाव चिकटवणे चुकीचे आहे.

घर आवरून देण्याचा व्यवसाय अमेरिकेत 1980 च्या दशकात संघटित झाला. त्याला जगभर लोकप्रियता मिळाली ती जपानमधून. 2009 मध्ये हिदेको यामाशिता यांनी नवे घेण्यास नकार, असलेले टाकणे आणि वस्तूंपासून मनाने अलिप्त होणे अशी तीन पायऱ्यांची रीत मांडली. त्यापाठोपाठ मारी कोंडो यांची पद्धत आली. खोलीवार आवरण्याऐवजी प्रकारवार आवरावे, म्हणजे आधी घरभरचे सगळे कपडे एकत्र काढावेत, मग पुस्तके, आणि आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी घ्याव्यात, असा तिचा क्रम आहे. तो व्यवहारात उपयोगी ठरतो, कारण निर्णय घेण्याची सवय सोप्या वस्तूंवर होते. कोंडो यांच्या पुस्तकाचे 2014 मधील इंग्रजी भाषांतर आणि 2019 ची दूरचित्रमालिका यांनंतर अनेक शहरांत जुन्या वस्तू स्वीकारणाऱ्या दुकानांसमोर पिशव्यांचे ढीग लागले. या पद्धतींचा सगळा भर निवडीवर आहे. निवडून बाजूला काढलेले कुठे जाते यावर त्यात फारसे काही नाही, आणि ही मला त्यांतली मोठी उणीव वाटते.

स्वीडिश चित्रकार मार्गारेटा मॅग्नुसन यांनी 2017 मध्ये प्रश्न दुसऱ्या टोकाकडून मांडला. आपल्या मृत्यूनंतर मुलांना घर उपसत बसावे लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांनी हयातीतच आपले सामान कमी करावे, असे त्यांचे म्हणणे आहे. कुटुंबाच्या घराच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वारशाचा अर्थच इथे उलटा झाला आहे. पूर्वी पलंगासाठी आणि भांड्यांसाठी वारस भांडत. आता मुलांची स्वतःची घरे आधीच भरलेली असतात. जड लाकडी सामानाचे भाव युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारात 2000 नंतर खूप घसरले. शिकागोतील 82 कुटुंबांच्या तीन पिढ्यांशी बोलून 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की तरुणांना वापरता येणाऱ्या वस्तू प्रिय असतात, तर वृद्धांना छायाचित्रांसारख्या, माणसांची आठवण देणाऱ्या. त्यामुळे आजीने जपलेले आणि नातवाला हवे असलेले यांत अंतर पडणे स्वाभाविक आहे.

बाहेर जाण्याचे नवे मार्ग अलीकडे पुन्हा उघडू लागले आहेत. 1995 मध्ये सुरू झालेल्या ईबे या इंटरनेटवरील बाजाराने जुन्या वस्तूला दूरचे गिऱ्हाईक मिळवून दिले, तर 2003 मध्ये अमेरिकेतील टूसॉन येथे सुरू झालेल्या फ्रीसायकल या इंटरनेटवरील जाळ्याने पैसे न घेता शेजाऱ्याला वस्तू देण्याची सोय केली. पण सगळ्याच वस्तूंना असा मार्ग मिळालेला नाही. 2022 मध्ये जगात सुमारे 6.2 कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी एक चतुर्थांशाहूनही कमी कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. कापडाच्या बाबतीत युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून सदस्य देशांना ते इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करण्याची व्यवस्था बंधनकारक केली आहे.