गो-कार्टिंग: टाइमिंगचं सेशन वेगळं, रेस वेगळी

मित्रांचा ग्रुप पहिल्यांदा गो-कार्टिंगला गेला की कार्टमधून उतरल्यावर एक वाद हमखास होतो. एकजण जवळजवळ सगळा वेळ पुढे होता, शेवटचा झेंडा पडला तेव्हाही पुढेच होता, आणि स्क्रीनवर त्याचं नाव तिसरं. ज्याला त्याने दोनदा मागे टाकलं, त्याचं नाव सगळ्यात वर. मग मशीन चुकलंय, त्याला चांगली कार्ट मिळाली, मध्येच कुणीतरी आडवं आलं, असं सगळं बोलून होतं. मशीन बहुतेक वेळा बरोबर असतं. ग्रुप रेस समजून चालवत असतो आणि ट्रॅकवाल्यांनी लावलेलं असतं टाइमिंगचं सेशन. हेल्मेट तेच, कार्ट त्याच, वळणंही तीच, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण जिंकायचं कसं, हे दोन्हीकडे पूर्ण वेगळं असतं. ते आधी माहीत असेल तर पहिला अनुभव कितीतरी चांगला होतो.

नवख्या लोकांना भाड्याच्या कार्टवर सहसा मिळतं ते टाइमिंगचं सेशन. ठरावीक मिनिटं ट्रॅक तुमचा, बहुतेक ठिकाणी आठ ते दहा. कार्ट पिटमधून, म्हणजे त्या उभ्या असतात त्या जागेवरून, एकामागून एक सोडतात, म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे हे सुरुवातीला फक्त रांगेवर ठरलेलं असतं. प्रत्येक कार्टला एक छोटा ट्रान्सपाँडर, म्हणजे त्या कार्टची ओळख कळवणारं उपकरण, बसवलेला असतो. ट्रॅकवरच्या टाइमिंगच्या रेषेखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. कार्ट त्यावरून गेली की वेळ नोंदली जाते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. दोन नोंदींमधलं अंतर म्हणजे तुमच्या एका फेरीची वेळ. शेवटी तुमच्या सगळ्या फेऱ्यांमधली सर्वांत वेगवान तेवढी एक घेतात आणि त्यावरून नंबर लावतात. बाकीच्या फेऱ्या निकालात धरतच नाहीत.

रेसमध्ये सगळे एका क्रमाने स्टार्टच्या रेषेवर उभे राहतात, सिग्नल मिळाला की एकदम सुटतात, आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्यावर जो आधी रेषा ओलांडतो तो पहिला. इथे प्रत्येक फेरी हिशोबात असते, त्यात अडकलेली आणि गिरकी घेतलेली फेरीसुद्धा.

एक हिशोब करून बघा. दोन मैत्रिणी, दहा फेऱ्या. पहिलीची एक फेरी झकास जमते, 31.2 सेकंद, पण उरलेल्या नऊ सरासरी 33.5 ला. दुसरी कधीच तेवढी वेगवान नसते, पण दहाही फेऱ्या 32.5 ला काढते. टाइमिंगच्या शीटवर, म्हणजे फेऱ्यांच्या वेळांच्या कागदावर, पहिली 1.3 सेकंदांनी वर, म्हणजे स्पष्ट विजेती. तेच आकडे रेसचे धरले तर पहिलीचे एकूण 332.7 सेकंद होतात आणि दुसरीचे 325. दुसरी 7.7 सेकंदांनी जिंकते, आणि एवढ्या लहान ट्रॅकवर 7.7 सेकंद म्हणजे जवळपास पाव फेरी. दोघींपैकी चांगली कोण, या प्रश्नाला दोन्ही उत्तरं खरी आहेत. एक जास्त वेगवान आहे, दुसरी जास्त भरवशाची.

मोठ्या रेसिंगमध्येही या दोन गोष्टी अशाच वेगळ्या ठेवलेल्या असतात. फॉर्म्युला वनमध्ये क्वालिफाइंग हे टाइमिंगचं सेशन. त्यात स्टार्टला कोण कुठे उभं राहणार एवढंच ठरतं, रेस दुसऱ्या दिवशी होते. 1997 साली हेरेझच्या ट्रॅकवर क्वालिफाइंगमध्ये जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन या तिघांनीही अगदी सारखी वेळ नोंदवली होती, 1 मिनिट 21.072 सेकंद. ज्याने ती आधी नोंदवली त्याला पहिली जागा, या नियमाने व्हिलनव्ह पुढे उभा राहिला. रेस मात्र या तिघांपैकी कुणीच जिंकली नाही, ती मिका हॅकिनेनने जिंकली.

त्याहून बोलकं उदाहरण 1992 च्या मोनॅकोतल्या फॉर्म्युला वन रेसचं. नायजेल मॅन्सेल आघाडीवर होता. थोड्या फेऱ्या उरलेल्या असताना चाकाच्या शंकेमुळे त्याला पिटमध्ये यावं लागलं, आणि तो नवे टायर घेऊन बाहेर पडेपर्यंत आयर्टन सेना पुढे निघून गेला होता. नव्या टायरवर मॅन्सेल फेरीमागून फेरी अंतर खात आला. त्या रेसमधली सर्वांत वेगवान फेरी त्याचीच आहे. पण मोनॅकोचे रस्ते अरुंद, आणि सेनाने प्रत्येक वळणावर बरोबर तीच जागा धरली जिथून मॅन्सेलला शिरता येणार नव्हतं. पाव सेकंदापेक्षाही कमी फरकाने सेना जिंकला. टाइमिंगच्या शीटवर त्या दिवशी मॅन्सेल वर असता. सेना कार्टिंगमधूनच आलेला, 1979 आणि 1980 च्या जागतिक कार्टिंग स्पर्धेत तो दुसरा आला होता. जागा अडवून धरायचं त्याचं कसब अशाच दाटीवाटीच्या रेसमध्ये तयार झालं असणार, असं मला वाटतं.

आता आपल्या आठ-दहा मिनिटांकडे येऊ. टाइमिंगच्या सेशनमध्ये तुमची खरी गरज असते समोर मोकळा ट्रॅक. पुढे दुसरी कार्ट असेल तर वळणात तिच्या वेगानेच जावं लागतं आणि ती फेरी वाया जाते. नवखा माणूस अशा वेळी पुढच्याच्या बंपरला चिकटून दोन-तीन फेऱ्या घालवतो आणि मग कसाबसा पुढे निघतो. ओव्हरटेक झाल्याचा आनंद होतो, वेळ मात्र सगळी गेलेली असते. त्यापेक्षा एका फेरीत वळणं जरा सबुरीने घ्यावीत, पुढच्याला जाऊ द्यावं, समोर अर्धा सरळ पट्टा मोकळा झाला की मग जोर लावावा. एक फेरी जाते, पण ती तशीही मोजली जाणार नसते. फक्त हे करताना पट्ट्यावर अचानक ब्रेक मारू नका, मागून कुणीतरी पूर्ण वेगात येत असतं.

मागून कुणी आलं तर काय करायचं, तेही यावरूनच ठरतं. टाइमिंगमध्ये मागचा जवळ आला आणि मार्शलने, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाने, निळा झेंडा दाखवला की एका बाजूला होऊन वाट द्यावी. एवढ्याने कमीपणा येत नाही. तुमच्या चांगल्या फेरीची वेळ कुठे जात नाही, उलट पुढची मोकळी फेरी मिळते. शिवाय तो कुठे ब्रेक लावतो, कुठे वळतो हे मागून बघायला मिळतं, आणि पहिल्याच दिवशी एवढी चांगली शिकवणी दुसरी नाही. मित्रामित्रांत नेमकं हेच जमत नाही. वाट दिली की चिडवतील म्हणून दोघं शेजारीशेजारी वळणात शिरतात, दोघांच्याही फेऱ्या बिघडतात. रेसमध्ये तुम्ही एकाच फेरीत असाल तर जागा सोडण्याचा प्रश्नच नाही. तिथे निळा झेंडा असतो तो एक फेरी मागे पडलेल्यासाठी.

चालवण्यातला फरक सगळ्यात चांगला दिसतो तो लांब पट्ट्यानंतर येणाऱ्या घट्ट वळणावर. समजा वळण उजवीकडे आहे. एकटे असाल तर पट्ट्याच्या डाव्या कडेने या, स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक लावा, सोडा, मग वळा. वळणाच्या आतल्या कडेला चाटून जा आणि बाहेर पडताना कार्टला पुन्हा डाव्या कडेपर्यंत पसरू द्या. रेषा जितकी मोठी तितका वेग टिकतो, आणि अॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो. आता रेस आहे आणि उजवीकडून कुणीतरी नाक घालतोय. तुम्ही मोठी रेषा घेतलीत तर आतली जागा त्याला आयती मिळते. म्हणून तुम्ही आधीच उजवीकडे येता. जागा अडते, पण वळण घट्ट होतं, बाहेर पडताना वेग पडतो. मागचा हुशार असेल तर तो आत शिरायच्या भानगडीत न पडता मोठी रेषा घेतो आणि पुढच्या पट्ट्यावर तुम्हाला गाठतो. म्हणजे बचाव करणं हा तोट्याचाच सौदा आहे, रेसमध्ये कधीकधी तो परवडतो इतकंच. टाइमिंगमध्ये तो कधीच परवडत नाही.

दोन्हीकडे सारखं लागू पडतं ते कार्टचं स्वतःचं शास्त्र. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणाही, नसते. मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर घट्ट बसवलेली, म्हणून ती एकाच गतीने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मग आतलं चाक जरासं उचललं जावं लागतं, नाहीतर ते घासत राहतं. कार्टची पुढची बाजू अशी बनवलेली असते की स्टिअरिंग फिरवल्यावर आतलं मागचं चाक हलकं होतं. हे समजलं की एक गोष्ट पटते: मागचा भाग घसरवत, टायर किंचाळवत घेतलेलं वळण बघायला जोरदार असतं, पण त्यात वेग घासून जातो. भाड्याच्या पेट्रोल कार्टचं इंजिन साधारण नऊ हॉर्सपॉवरच्या आत-बाहेर असतं. गेलेला वेग ते सावकाश परत आणतं. शीटवर वर येणारे लोक म्हणूनच बहुतेक वेळा शांत चालवताना दिसतात.

ब्रेकचंही तसंच. बहुतेक भाड्याच्या कार्टना ब्रेक फक्त मागे असतो. वळता वळता जोरात दाबला की मागची चाकं पकड सोडतात आणि कार्ट गिरकी घेते. डावा पाय ब्रेकला, उजवा अॅक्सिलरेटरला, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत टायर थंड असतात, पकड कमी असते, तेव्हा घाई नको. टाइमिंगमध्ये सुरुवातीच्या फेऱ्या हातच्या सोडून देता येतात. रेसमध्ये तसं नसतं. थंड टायर, सगळे एकत्र आणि पहिलंच वळण, हे त्यातलं सर्वांत धोक्याचं ठिकाण.

धक्के देणं दोन्हीकडे वर्ज्य आहे. चारी बाजूंनी बंपर असतो म्हणून लोकांना जत्रेतल्या धडकगाड्या आठवतात. पण तो बंपर चुकून लागलेल्या धक्क्यासाठी आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे काहीतरी अडलंय, वेग कमी करा, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे थांबायचं. गिरकी घेतलीत तर कार्टमध्येच बसून हात वर करा, मार्शल येईपर्यंत उतरू नका. आणि मोकळे केस, ओढणी, स्कार्फ, लोंबती नाडी यातलं काहीही बाहेर राहता कामा नये. मागचा दांडा तुमच्या पाठीमागे उघडा फिरत असतो, त्यात कापड किंवा केस अडकले तर जीवघेणा अपघात होतो. केस बांधून हेल्मेटखालच्या टोपीत आणि कॉलरच्या आत, मगच बसायचं. यात कुणाचीही भीड धरू नये.

शीटवरच्या आकड्यांची तुलना करताना दोन गोष्टी धराव्यात. एक, वजन. एवढ्या छोट्या इंजिनाला चालवणाऱ्याचं वजन चांगलंच जाणवतं, हलका माणूस वळणातून लवकर वेग धरतो. काही ट्रॅकवर हलक्यांना जादा वजन लावतात, सगळीकडे नाही. दुसरी, कार्ट. एकाच मॉडेलच्या दोन कार्ट कधी तंतोतंत सारख्या नसतात, टायर कमीजास्त झिजलेले असतात. मित्रांत चुरस असेल तर दुसऱ्या सेशनला कार्टची अदलाबदल करून बघावी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे. आधी टाइमिंग घ्या, तेही दोन सेशन. टाइमिंग चुका माफ करतं. उशिरा ब्रेक लावून बघितला, जमलं नाही, तर एक फेरी गेली, बस्स. शिकायला याहून चांगली जागा नाही. रेस नंतर, हात बसल्यावर. काउंटरवर पैसे भरायच्या आधी एवढं विचारून घ्या: निकाल सर्वांत वेगवान फेरीवर लागतो की रेषा ओलांडण्याच्या क्रमावर, आणि स्टार्ट एकेक करून की सगळे एकदम. उत्तर सगळ्या ग्रुपला ऐकू येईल असं विचारा.

सेशन संपल्यावर मिळणाऱ्या शीटवर नंबरापलीकडेही वाचण्यासारखं बरंच असतं. फेरीनिहाय यादी बघा. वेळा 36, 34.8, 33.9 अशा उतरत गेल्या असतील तर तुम्ही अजून शिकताय आणि पुढच्या सेशनला आणखी खाली याल. एक फेरी एकदम चांगली आणि आजूबाजूच्या दोन सेकंदांनी मागे असतील, तर त्या एका फेरीत काय वेगळं केलं होतं ते आठवून बघा. आणि सगळ्या फेऱ्या तीन-चार दशांशांच्या आत असतील, तर शीटवर तुमचं नाव कितीही खाली असो, रेसला सगळ्यात आधी तुम्हीच नाव द्या.