अनोळखी लेकमध्ये बास कुठे शोधायचा? आधी कुठे नाही ते बघा

डॅलसपासून पूर्वेला गाडीने दीडेक तासावर लेक फोर्क नावाचा जलाशय आहे, टेक्सासमध्ये बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) म्हटलं की लोक आधी याचंच नाव घेतात. धरण १९८० चं, पाणी पसरलंय साधारण २७ हजार एकरांवर, आणि राज्याचा लार्जमाउथ म्हणजे मोठ्या तोंडाच्या बासचा रेकॉर्डही इथलाच, जानेवारी १९९२ मध्ये सापडलेला १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा मासा! पण पहिल्यांदा बोट घेऊन आत शिरलं की चहूकडे पाणी आणि त्यातून वर आलेली वाळकी झाडं, सगळीच जागा भारी वाटते, मग जिथे बरं दिसेल तिथे गळ टाकत दिवस जातो. माझं मत उलटं आहे, मासा कुठे नसणार ते आधी काढून टाकायचं, आणि त्यातलं निम्मं काम शाळेतलं फिजिक्सच करून देतं.

ऐन उन्हाळा घ्या. वरचं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं आणि वरच राहतं, थंड जड पाणी तळाशी पडून राहतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये एक पातळ थर असतो, तिथे थोड्याच फुटांत तापमान झपकन उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आता खरी मेख अशी की ऑक्सिजन येतो वरून, हवेतून आणि उन्हात वाढणाऱ्या शेवाळातून, आणि खाली पोचतं काय तर मेलेलं शेवाळ नि पालापाचोळा, तो कुजवताना बॅक्टेरिया तिथला उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. वरून नवीन यायला रस्ता नाही. त्यामुळे "गरम होतंय म्हणजे मासा खोल थंडाव्याला गेला असणार" हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो पण अशा लेकमध्ये जुलै महिन्यात ५०-६० फुटांवर तळाशी आमिष सोडून बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. खोल पाण्याच्या वरच्या थरात शॅड नावाच्या छोट्या माशांच्या मागे बास फिरू शकतो, तळाशी नाही.

हा थर फिशफाइंडरवर दिसतो पण. ते मशीन म्हणजे छोटं सोनार, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, तळ १५ मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, त्यावरून खोली कळते. सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवली की मध्येच एक धूसर पट्टा दिसायला लागतो, तोच थर्मोक्लाइन. समजा तो २० फुटांवर आहे, तर त्याखालचा सगळा तळ बाद, बघा किती लेक एका झटक्यात कमी झाला.

उरलेल्यासाठी खोलीचा नकाशा, मोबाइल ॲपवरही मिळतो. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसंच इथेही जुनं सगळं खाली तसंच आहे, ओढ्यांची पात्रं, रस्ते, शेततळी. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीवाटीने आल्यात तिथे उतार तीव्र. जमिनीचं टोक पाण्यात घुसलंय आणि बुडालेल्या ओढ्याचं वळण त्याला खेटून जातंय अशी जागा मी सगळ्यात आधी बघेन. बास लांब पाठलाग करणारा मासा नाही, तो आडोशाला थांबून झडप घालतो, आणि अशा काठावर त्याला उथळ-खोल दोन्ही चार शेपटाच्या फटक्यांत मिळतं. तिथे बुडालेलं झाड किंवा पाणवनस्पतींची कड असेल तर फारच छान.

वसंतात मात्र हे गणित बदलतं. पाणी १५ ते १८ अंशांवर आलं की बास अंडी घालायला उथळ, वाऱ्यापासून आडोशाच्या खाडीत येतात, नर कडक तळावर खळगा करून अंड्यांची राखण करतो. उत्तरेकडच्या किनाऱ्याच्या खाड्या सहसा आधी तापतात कारण थंड उत्तरेचा वारा तिथे अडतो. राखण करणारा नर गळाला लागला तर लगेच सोडा, तेवढ्या वेळात ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात.

वाऱ्याचं पण बघायचं. काही तास एकाच दिशेने वारा वाहिला की प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वारा ज्या किनाऱ्यावर आदळतो तिकडे सरकतं, त्यामागे शॅड, त्यामागे बास. लाटा अंगावर घेत बोट सांभाळणं कटकटीचं असतं म्हणून लोक शांत बाजूला जातात, जाऊ द्या.

एक मासा लागला की जागा बदलायची घाई नको, खोली किती, तळ कसला, झाड होतं का गवत, वारा कुठून, एवढं मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा, मग नकाशावर तशाच अजून जागा शोधा, बऱ्याचदा त्याही चालतात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, परत सोडावा लागतो, आणि वय १७ किंवा जास्त असेल तर साधारणपणे लायसन्स लागतंच, तेव्हा मोजपट्टी बरोबर असू द्या.