सालाह मेजरी आणि 'पहिला अरब' हे लेबल: थोडी पार्श्वभूमी

२०१५ च्या उन्हाळ्यात आपल्याकडचे बरेच जण डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) टीमवर नजर ठेवून होते ते सतनाम सिंगमुळे. भारतात जन्मलेला पोरगा एनबीए ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात तिथे) निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ, ५२ वा नंबर का असेना. त्याच गडबडीत त्याच टीमने आणखी एक सात फुटी माणूस घेतला, ट्युनिशियाचा सालाह मेजरी, वय २९, ड्राफ्ट वगैरे भानगडच नाही, सरळ रिअल माद्रिदहून उचलला, आणि त्याची आपल्याकडे कुणी दखलही घेतली नाही. सतनामला एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही आणि हा मेजरी चार सीझन टिकला.

आता डॅलसला त्याची गरज का पडली तेही बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिस क्लिपर्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डिआंद्रे जॉर्डन, त्याने आधी डॅलसला हो म्हटलं, मग फिरला, जुने टीममेट्स त्याच्या घरी जाऊन बसले आणि शेवटी तो परत क्लिपर्सलाच सही करून मोकळा झाला, हा किस्सा सगळ्यांना माहितीये. त्यामुळे डॅलसकडे ऐन जुलैमध्ये सेंटरची जागा मोकळी आणि मार्केटमध्ये चांगले प्लेयर जवळपास संपलेले. एक सेंटर ट्रेडमधून, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून आणला आणि बेंचवर स्वस्तात कोण बसेल तर मेजरी. म्हणजे नशिबाचा भाग होताच, पण नशीब कामी यायला माणूस तिथपर्यंत पोचलेला तरी लागतो ना.

तर तो तिथपर्यंत पोचला कसा. जन्म १९८६ चा, जेंदुबाचा, हे गाव ट्युनिशियाच्या वायव्य कोपऱ्यात. सीनियर बास्केटबॉल मात्र सूस या किनाऱ्यावरच्या शहरातल्या एत्वाल द्यू साहेल क्लबकडून. अमेरिकेबाहेरचा खेळाडू २२ वर्षांचा होतो त्या वर्षी तो आपोआप ड्राफ्टमध्ये धरला जातो, म्हणजे मेजरीचं वर्ष २००८. कुणी घेतलं नाही. घेणार तरी कोण, ट्युनिशियाच्या लीगच्या मॅचेस बघायला तेव्हा अमेरिकेतून कोण जात होतं. २०१० ला तो बेल्जियममध्ये अँटवर्पला गेला, २०१२ ला स्पेनमध्ये ओब्रादोइरोकडे, म्हणजे सांतियागोची छोटी टीम, आणि तिथे एकाच सीझनमध्ये इतका चमकला की पुढच्याच वर्षी रिअल माद्रिद. माद्रिदमध्ये तो मेन सेंटर कधीच नव्हता, पुढे सीनियर लोक होते, मिनिटं कमीच मिळायची. पण २०१५ ला रिअलने घरच्याच कोर्टवर ऑलिम्पियाकोसला ७८-५९ ने हरवून युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली त्या टीममध्ये तो होता, आणि एनबीएचे स्काउट्स ट्युनिशियाला जात नसले तरी युरोलीग बघतातच.

आता त्या लेबलवर येऊ. डॅलसने घेतल्यावर सगळीकडे दोन हेडलाइन्स फिरल्या, एक 'एनबीएमधला पहिला ट्युनिशियन' आणि दुसरी 'एनबीएमधला पहिला अरब'. पहिलीबद्दल वादच नाही. दुसरी मात्र जशी लिहिली जाते तशी चुकीची आहे आणि तरी ती अजून कॉपी-पेस्ट होत राहते. रॉनी सायकली १९८८ मध्ये नवव्या नंबरवर मायामी हीटकडे गेला, हीटच्या इतिहासातला तो पहिलाच ड्राफ्ट पिक, जन्म बैरूतचा. १९९० मध्ये पोर्टलंडने अला अब्देलनबीला घेतलं, जन्म अलेक्झांड्रियाचा. दोघंही मेजरीच्या पंचवीसेक वर्षं आधी. मग 'पहिला अरब' म्हणणारे लोक सारवासारव करतात की सायकली लहानपणीच अथेन्सला गेला, मग सिरॅक्यूजला कॉलेज, आणि अब्देलनबी तर न्यू जर्सीत वाढून ड्यूककडून खेळला, म्हणजे ते अमेरिकन सिस्टिममधून आलेले, मोजायचे नाहीत. हे मला पटत नाही. माणूस अरब आहे की नाही हे त्याने कॉलेज कुठे केलं त्यावर ठरायला लागलं तर अवघड आहे. शिवाय काही ठिकाणी उलटा घोळ, २००८ ला मेम्फिसकडून खेळलेल्या हामेद हद्दादीला लोक पहिला अरब म्हणून टाकतात, तो इराणचा आहे, इराणी म्हणजे अरब नव्हे हे कितींदा सांगायचं.

पण त्या सारवासारवीत एक खरी गोष्ट लपलेली आहे आणि ती हेडलाइनपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं. मेजरी अमेरिकन हायस्कूल-कॉलेजच्या वाटेने आला नाही. अरब देशातल्या क्लबमध्ये, अरब देशाच्या लीगमध्ये तयार झाला, तिथून युरोपची एकेक पायरी चढत गेला. सायकली आणि अब्देलनबीच्या यशाचं क्रेडिट बैरूत किंवा अलेक्झांड्रियाच्या लीगला देता येत नाही, मेजरीच्या बाबतीत सूसला ते द्यावंच लागतं. नंतर अलेक्झांड्रियातच जन्मलेला अब्देल नादेर २०१७ पासून बॉस्टनकडून खेळला, तोही अमेरिकेत वाढलेला. म्हणजे फरक 'पहिला' या शब्दाचा नाहीच, वाटेचा आहे. पण 'अरब लीगमध्ये घडून एनबीएत गेलेला' असं लांबलचक कोण लिहिणार, क्लिक येत नाहीत.

खरं तर एनबीएच्या आधीच त्याने जे केलं त्याला आपण कमी भाव देतो. अंगोलाने १९९९ पासून सलग सहा आफ्रोबास्केट (आफ्रिकेतल्या देशांची बास्केटबॉल स्पर्धा) जिंकले होते. २०११ ला मादागास्करमध्ये फायनलला ट्युनिशियाने त्यांना ६७-५६ ने पाडलं, देशाचं पहिलं टायटल, मेजरी एमव्हीपी (स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू) आणि वर थेट लंडन ऑलिम्पिकचं तिकीट. त्याच्या एकच वर्ष आधी हीच टीम तुर्कस्तानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पाचच्या पाच मॅच हरली होती. लंडनमध्येही पाचच्या पाच हरले, अमेरिकेने ११०-६३ ने धुतलं, ते सोडा, पण तिथपर्यंत पोचणं ही आधी कधी न झालेली गोष्ट होती.

डॅलसमधली चार वर्षं म्हणजे बेंचवरून येऊन ब्लॉक, रिबाउंड, थोडी भांडणं. जानेवारी २०१६ मध्ये बॉस्टनविरुद्ध ओव्हरटाइममध्ये गेलेल्या मॅचला १७ पॉइंट्स टाकले ती त्याची गाजलेली रात्र. गंमत म्हणजे २०१८ मध्ये डॅलसला शेवटी तोच क्लिपर्सवाला सेंटर मिळाला, तीन वर्षं उशिरा, आणि मेजरी आणखी मागे ढकलला गेला. पण तो सेंटर सीझन संपायच्या आधीच न्यूयॉर्कला ट्रेड झाला, आणि मेजरीने सीझन डॅलसमध्येच पूर्ण केला.

२०१९ च्या चीनमधल्या वर्ल्ड कपमध्ये ट्युनिशियाने इराणला ७९-६७ ने हरवलं, म्हणजे लोक ज्यांची गल्लत करतात ते मेजरी आणि हद्दादी चक्क समोरासमोर. तिथे स्पेनने १०१-६२ ने चोपलं ते समजण्यासारखं, पण प्वेर्तो रिकोची मॅच हातात असताना ६७-६४ ने घालवली आणि दुसरी फेरी हुकली, हे जास्त लागलं असणार. मधे २०१७ ला घरच्या कोर्टवर आणि मग २०२१ ला किगालीत कोत दिव्हुआरला ७८-७५ ने हरवून ट्युनिशियाने आफ्रोबास्केट परत परत जिंकला.

आता तर क्लबचं गणितच बदललंय. २०२१ पासून एनबीए आणि फिबा (जागतिक बास्केटबॉल संघटना) यांनी मिळून आफ्रिकेतल्या क्लबांची लीग काढली, पहिल्या फायनलला ट्युनिशियाचं मोनास्तीर इजिप्तच्या झमालेककडून हरलं आणि २०२२ ला अंगोलाच्या पेत्रो द लुआंडाला ८३-७२ ने हरवून चॅम्पियन झालं. मोनास्तीर म्हणजे सूसच्या शेजारचंच शहर, आणि आता तिथल्या मॅचेस बघायला स्काउटला युरोलीगची वाट बघावी लागत नाही.